८०जी गेलं, म्हणून देणगीही थांबवायची?

प्रश्न : पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ४८, वार्षिक पगार १६ लाख. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेला त्या बरीच वर्षं दर मार्चमध्ये ६०,००० रुपये देतात आणि आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली देणगीची वजावट घेतात. गृहकर्ज फिटल्यावर त्यांच्या करसल्लागारांनी त्यांना कमी दरांच्या, पण बहुतेक वजावटी नसलेल्या नव्या करप्रणालीत नेलं. तिथे ८०जी मिळत नाही. यजमानांचं म्हणणं, "सवलतच गेली तर एवढी रक्कम कशाला? सरकार ८०जी परत आणेल तेव्हा बघू." यजमानांचं मित्राबरोबर भागीदारीत दुकान आहे. अमेरिकेतल्या दिरांनाही याच संस्थेला मदत करायची आहे. ऑफिसमधले आठ-दहा जण या भगिनींच्या खात्यात पैसे जमा करतात आणि त्या एकत्र रक्कम पाठवतात, त्यांचाही प्रश्न आहेच. शिवाय कुणीतरी "चेक द्या, पाच टक्के कापून रोख परत देतो, पावती पक्की" असंही सुचवलं आहे. देणगी थांबवावी, कमी करावी, की जुन्या करप्रणालीत परत जावं, असं त्या विचारतात.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात एक आकडा नाही, आणि घरातली सगळी चर्चा त्याच्यावाचून चालली आहे. ८०जीमुळे तुमचे दरवर्षी नेमके किती रुपये वाचत होते?

आधी तो काढू. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी अशा मोजक्या निधींना दिलेली रक्कम शंभर टक्के वजा होते. तुमच्या वसतिगृहासारख्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या रकमेपैकी मात्र निम्मीच वजा होते, आणि तीही तुमच्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे ६०,००० दिले की करपात्र उत्पन्न ३०,००० नी कमी होतं. ३० टक्क्यांचा टप्पा आणि त्यावर ४ टक्के सेस धरला तर वाचणारा कर ९,३६० रुपये. साठ हजार दिले म्हणजे साठ हजारांचा कर वाचतो असं अनेक घरांत धरून चालतात. प्रत्यक्षात तुमच्या देणगीतले ५०,६४० रुपये आजवर तुमच्याच खिशातून जात होते.

आता जुन्या करप्रणालीत परत जाण्याचं बघू. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी, १६ लाख पगारावर नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १५,२५,००० वर कर लागतो आणि तो सेससह १,१३,१०० होतो. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, ८०सीचे (पीएफ, विमा अशा बचतीचे) पूर्ण दीड लाख, आरोग्य विम्याचे २५,००० आणि वर ८०जीचे ३०,००० असं सगळं धरलं तरी कर २,२३,८६० होतो. फरक १,१०,७६० रुपयांचा. ९,३६० वाचवण्यासाठी एक लाख दहा हजार जास्त भरण्यात काहीच अर्थ नाही. तुमच्या पगाराला जुनी प्रणाली परवडायची तर प्रमाणित वजावटीखेरीज सुमारे ५ लाख ६९ हजारांच्या वजावटी लागतील. मोठं घरभाडं, चालू गृहकर्जाचं व्याज, ८०सी आणि विमा हे सगळं एकत्र असेल तरच हा आकडा गाठता येतो. कर्ज फिटल्यावर तुमच्या सल्लागारांनी प्रणाली बदलली ते बरोबरच केलं.

ज्यांची परिस्थिती वेगळी आहे त्यांनी मात्र दरवर्षी गणित मांडावं. नुसता पगार असणाऱ्यांना दरवर्षी प्रणाली निवडता येते. एप्रिलमध्ये कंपनीला काहीही कळवलेलं असलं तरी अंतिम निवड विवरणपत्र भरताना होते. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलं पाहिजे. उशिरा भरलं की जुनी प्रणाली निवडताच येत नाही, आणि ८०जीच्या सगळ्या पावत्या त्या वर्षापुरत्या निरुपयोगी होतात. ज्यांना धंद्याचं उत्पन्न आहे त्यांनी जास्त जपावं. त्यांना फॉर्म १०-आयईए भरून जुनीत जाता येतं, पण तिथून एकदा नवीत परतले की धंदा चालू असेपर्यंत जुनीचा रस्ता बंद.

यजमानांची शंका मी हलकी मानत नाही. पूर्वी ६०,००० दिले तेव्हा खिशातून ५०,६४० जात होते आणि आता पूर्ण ६०,००० जातात, हे खरंच आहे. खिशाला तेवढीच तोशीस हवी असेल तर वर्षाला ५०,६४०, म्हणजे महिन्याला ४,२२० रुपये द्या. त्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. नव्या दरांमुळे वाचलेल्या रकमेतून मूळचे ६०,००० चालू ठेवलेत तर मला अधिक आनंद होईल, पण तो निर्णय तुमच्या घराचा. देणगी पूर्ण बंद करण्याचं कारण मात्र या आकड्यांत कुठेही सापडत नाही.

"८०जी परत येईल तेव्हा बघू" या वाक्यामागे एक मोठा वाद आहे. तो तुमच्यासारख्या हजारो देणगीदारांना अडवून ठेवतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

२०२० च्या अर्थसंकल्पात नवी करप्रणाली आली तेव्हा शंभराहून अधिक सवलती-वजावटींपैकी सुमारे सत्तर त्यात नसतील असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं. ८०जी त्या सत्तरांत गेलं. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होणारी ठरली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर रिबेट देऊन शून्यावर आणला. पगारदारांसाठी ही रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. त्या रेषेच्या आतल्या माणसाला नव्या प्रणालीत ८०जी दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. करच नाही तर वजावट कशातून करायची? "सवलत गेली" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा मुळात करच गेला आहे, हे एकदा तपासून पाहायला हवं.

वजावट काढण्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा न्यायाचा आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने १०,००० दिले तर त्याला १,५६० रुपये परत मिळतात, २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्याच रकमेवर १,०४०. जो कर भरण्याइतकं कमावतच नाही, पण गावच्या शाळेच्या छतासाठी पाचशे रुपये देतो, त्याला काहीच नाही. सरकारी तिजोरीची मदत अशा रीतीने ज्याच्याकडे जास्त त्यालाच जास्त मिळते. त्यात खोट्या पावत्यांचा सुळसुळाट. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच खरं आहे. वसतिगृह, रक्तपेढी, अंधशाळा या संस्था सरकारने करायची कामं करतात आणि लहान देणगीदार तुटला की त्या मोठ्या दात्यांच्या मर्जीवर येतात. शिवाय नव्या प्रणालीत काहीच ठेवलेलं नाही असंही नाही. मालकाने एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरलेल्या रकमेची वजावट तिथे आजही मिळते. म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं ही सरकारची निवड आहे. माझं स्पष्ट मत असं की देणगीवर सर्वांना एकाच दराने, ठरावीक मर्यादेपर्यंत थेट करातून सूट मिळावी आणि ती दोन्ही प्रणालींत असावी. त्याने न्यायाचा आक्षेपही बराचसा मिटेल.

असे बदल होतच नाहीत असं नाही. अमेरिकेत २०१८ पासून प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट झाली आणि बहुसंख्य कुटुंबांना देणगीची वेगळी वजावट मागण्यात अर्थ उरला नाही. तिथल्या संस्थांनी ओरड केली, करोनाकाळात दोन वर्षं छोटी सूट मिळाली, ती संपली, आणि २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून अशा कुटुंबांना एकट्यासाठी १,००० आणि जोडप्यासाठी २,००० डॉलरपर्यंतची वजावट पुन्हा दिली. मध्ये आठ वर्षं गेली. आपल्याकडेही दर अर्थसंकल्पाआधी ही मागणी होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर कायदा २०२५ मध्ये मात्र ८०जीचा मजकूर कलम १३३ मध्ये आणि नवी करप्रणाली कलम २०२ मध्ये गेली, दोन्हींतलं अंतर तसंच राहिलं. फेब्रुवारीत होणारी घोषणाही बहुधा पुढच्या आर्थिक वर्षापासून लागू होते. तुमच्या संस्थेतलं सहावीतलं पोर तोवर दहावी ओलांडून गेलेलं असेल. वाद चालू द्या, खासदाराला पत्र लिहा, पण देणगी त्याला बांधू नका.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे वळतो, "मार्चमध्ये". हा महिना तुम्ही निवडलेला नाही, आयकर कायद्याने निवडून दिला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, गावाबाहेर पडतात. आईबाप कारखान्याच्या फडावर जातात आणि मुलं वसतिगृहात येतात. धान्य, अंथरूण-पांघरूण, वह्या, स्वयंपाकीणबाईंचा पगार, सगळा खर्च ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होतो. मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपतं, आईबाप परततात, आणि नेमके तेव्हा देणग्यांचे चेक येतात! संस्था मधले पाच महिने किराणावाल्याच्या उधारीवर काढते. त्यातून आणखी एक अडचण होते. धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्च करावे लागतात. ३० मार्चला आलेली रक्कम एका दिवसात खर्च होत नाही, मग ती पुढे नेण्यासाठी मुदतीत वेगळे फॉर्म भरावे लागतात. ते चुकले तर संस्थेलाच कर बसतो.

तुम्हाला आता मार्चचं बंधन नाही. बँकेत दरमहा ५,००० ची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा, किंवा ३०,००० ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आणि उरलेले जानेवारीत द्या. संस्थेच्या चालकांना एकच विचारा, "पैसे कोणत्या महिन्यात सर्वांत कमी पडतात?" वस्तूंचंही तसंच. ८०जीत वस्तुरूप देणगी कधीच धरली जात नव्हती, म्हणून पोतंभर ज्वारीपेक्षा चेक "फायद्याचा" वाटायचा. आता तो हिशेब संपला. संस्थेला ब्लँकेटं हवी असतील तर ब्लँकेटं द्या. मात्र विचारून द्या, कारण न मागितलेल्या जुन्या कपड्यांची गाठोडी संस्थांना डोईजड होतात.

वजावट नको म्हणून पावतीही नको, असं मात्र करू नका. देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदलेला नसेल तर ती रक्कम निनावी देणगी ठरते. अशा देणग्या वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेल्या की वरच्या रकमेवर संस्थेला ३० टक्के कर भरावा लागतो. चार-पाच भल्या माणसांनी "नाव कशाला" म्हणत दिलेल्या मोठ्या रकमांनी संस्थेचं असं नुकसान होतं. फलकावर नाव नको असेल तर तसं सांगा, नोंदवहीत मात्र असू द्या.

यजमानांच्या दुकानाचा इथे उपयोग होऊ शकतो. नवी-जुनी प्रणाली हा पेच व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबासारख्या करदात्यांचा आहे. भागीदारी फर्मला तो लागूच नाही. फर्म सरसकट ३० टक्के कर भरते आणि तिला ८०जी आजही मिळतं. फर्मच्या खात्यातून, फर्मच्या पॅनवर ६०,००० दिले तर तेच ९,३६० वाचतील. त्यासाठी फर्मचं एकूण उत्पन्न किमान सहा लाख हवं, नाहीतर दहा टक्क्यांची मर्यादा आडवी येते. आणि ही रक्कम दोन्ही भागीदारांच्या वाट्यातून जाते, तेव्हा मित्राची लेखी संमती आधी घ्या. मित्राला मनापासून द्यायचं नसेल तर साडेनऊ हजारांसाठी भागीदारीत कुरबूर ओढवून घेऊ नका.

ऑफिसमधल्या मंडळींची पद्धत आजच बदला. सगळे तुमच्या खात्यात भरतात आणि तुम्ही एकत्र पाठवता, म्हणजे संस्थेच्या नोंदीत देणगीदार तुम्ही एकट्याच. बाकीच्यांपैकी कुणी जुन्या प्रणालीत असेल तर त्याची वजावट बुडते, आणि तुमच्या खात्यातल्या जमा रकमांचा खुलासा उद्या तुम्हालाच करावा लागेल. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून थेट संस्थेला पाठवावं आणि संस्थेला पूर्ण नाव, पत्ता, पॅन कळवावा. तुमच्या ग्रुपवर फक्त आठवण द्या.

जुन्या प्रणालीतल्या देणगीदारांची वजावट कुठे अडकते तेही सांगतो. नुसत्या छापील पावतीवर आता भागत नाही. २०२१-२२ पासून संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण, फॉर्म १०बीडी, पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं असतं आणि त्यातून प्रत्येक देणगीदाराचं प्रमाणपत्र, फॉर्म १०बीई, तयार होतं. संस्थेने ते भरलं नाही किंवा तुमच्या पॅनमधलं एक अक्षर चुकवलं, तर तुमचा दावा खात्याच्या नोंदीशी जुळत नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्र मागून घ्या आणि नाव, पॅन, रक्कम, देण्याचा प्रकार हे चारही तपासा. चूक असेल तर संस्था दुरुस्त विवरण भरू शकते, पण त्यासाठी तिला विवरणपत्राच्या मुदतीआधी वेळ मिळायला हवा. २,००० च्या वरची रोख देणगी वजावटीत धरली जात नाही, तेव्हा यूपीआय किंवा चेकच वापरा. संस्था "आमची १२ए नोंदणी आहे" म्हणाली तर ती संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या करमाफीसाठी असते. देणगीदारासाठी ८०जीची स्वतंत्र मंजुरी लागते, आणि ती आता कायमची नसून मुदतीची असते. मंजुरीपत्रावरची तारीख वाचा.

"पाच टक्के कापून रोख परत" सुचवणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. नव्या प्रणालीत ती पावती तुमच्या काही कामाची नाही, आणि ज्यांच्या कामाची आहे त्यांच्यासाठी तो सरळ गुन्हा आहे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी मोहीम घेतली आणि त्यात राजकीय पक्षांच्या देणग्यांचे दावेही होते. चुकीची माहिती देऊन कर बुडवला तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागतो, व्याज आणि खटला वेगळा. ओळखीतल्या कुणी हे आधीच केलं असेल तर नोटीस येण्याची वाट न पाहता अद्ययावत विवरणपत्र भरावं. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ते भरता येतं. मात्र जितका उशीर तितका जादा कर, पहिल्या वर्षी २५ टक्के आणि चौथ्या वर्षी ७०.

राहिले तुमचे दीर. त्यांचा पासपोर्ट कोणता, यावर सगळं ठरतं. ते अजून भारतीय नागरिक असतील तर आपल्या बचतीतून, बँकेमार्फत संस्थेला सरळ देऊ शकतात. ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत मात्र संस्थेला द्यावी. ते अमेरिकी नागरिक झाले असतील तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही त्यांची रक्कम परदेशी देणगीच ठरते. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं त्यासाठीचं खातं नसेल तर तिला तो पैसा स्वीकारताच येत नाही. "वहिनी, तुझ्या खात्यात पाठवतो, तू दे" हा मार्ग घेऊ नका. त्यात संस्था आणि तुम्ही दोघीही अडचणीत याल. तिकडची करसवलत हवी असेल तर त्यांना तिथे नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेलाच द्यावं लागेल, बीडच्या संस्थेला थेट दिलेल्या रकमेवर ती मिळणार नाही. यातलं काहीच जमत नसेल तर पुढच्या हिवाळ्यात सुट्टीवर येतील तेव्हा त्यांना वसतिगृहावर घेऊन जा. आठवीच्या मुलांना आठवडाभर गणित शिकवायला ना कलम लागतं ना प्रमाणपत्र.